हळूबाईने माझंच नाव का सांगितलं

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि आमच्या ह्यांचा चष्मा सापडत नव्हता. म्हणजे रोजचीच सकाळ. चष्मा फ्रिजवर आहे हे मला ओट्यापाशी उभ्या उभ्या दिसत होतं, पण मी बोलले नाही. निवृत्त माणसाने थोडं हिंडावं, वाकावं, कपाटाखाली बघावं. तब्येतीला बरं असतं. हे सोफ्याखाली डोकं घालून बसले असतानाच दारावर टकटक झाली. आमच्या दाराला बेल आहे. बेल असून टकटक करणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, हा माझा अनुभव.

दारात एक अनोळखी बाई उभी होती. खांद्याला जड पर्स, पायांत मऊ तळाचे बूट, चेहऱ्यावर न बोलावता आलेल्या माणसाचं हसू.

"ताई, मी हॉस्पिटलमधून आलेय. समुपदेशक आहे. घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही."

"आमचा चष्मा तेवढा हरवलाय," मी म्हटलं. "बोला."

"जिन्यात बोलण्यासारखं नाही."

मी गॅस बंद केला आणि तिला आत घेतलं. तिने सांगितलं ते असं. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी, पाळणाघरात काम करणारी बाई एका जोडप्यासाठी सरोगेट व्हायला तयार झाली होती. मूल सर्वस्वी त्या नवरा-बायकोचं. ते वाढवायचं मात्र हिने, आपल्या पोटात, आणि जन्मलं की त्यांच्या हातात द्यायचं. ह्याचे हिला पैसे मिळणार होते; तेव्हा त्याला कायद्याची बंदी आली नव्हती. तपासण्या झाल्या होत्या, जोडप्याची आणि हिची गाठभेट झाली होती. आता एकच गोष्ट अडली होती. त्या हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे अशा बाईबरोबर तिच्या घराबाहेरचं एक माणूस लागतं, दर तपासणीला बरोबर जाणारं, बाळंतपणाच्या खोलीत शेवटपर्यंत थांबणारं. आणि त्या माणसाने आधी सांगायचं की ही बाई स्वतःच्या मर्जीने हे करतेय, की मागून कुणी ढकलतंय.

"तिने तुमचं नाव सांगितलंय," बाई म्हणाली. "हे सगळं तुम्हाला सांगायची परवानगीही तिचीच."

"माझं नाव?"

"दुसरं कुणाचंच नाही. तुम्ही नाही म्हणालात, किंवा तुम्हाला काही खटकलं, तर आम्हाला तिला नाही म्हणावं लागेल. मी शुक्रवारी येते पुन्हा."

ती गेल्यावर ह्यांचं डोकं सोफ्यामागून वर आलं. सगळं ऐकलेलं दिसत होतं. "आपल्याला कुणी कर्जाला जामीन राहायला बोलावत नाही," हे म्हणाले, "आणि ही थेट बाळंतपणाला?"

"चष्मा फ्रिजवर आहे," मी म्हटलं. मला विचार करायला शांतता हवी होती.

तिचं हळूबाई हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. तिच्या दाराचा आवाज येत नाही, पावलांचा येत नाही, भांडं पडल्याचा तर कधीच नाही. जिन्यात आपण पिशवी टेकवून दम खात असतो आणि मागून कुणीतरी पिशवीचा दुसरा बंद हळूच उचलतं, तेव्हा कळतं की ही मघापासून मागे होती. मुलं झोपलेली असताना वावरायची सवय, असं ती म्हणते. असेल. पण आवाज न करता येणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात जरा अंतर असतं. तिच्या घरात नवरा, सासू आणि शाळेत जाणारी एक मुलगी. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि राहतो आमच्या ह्या बिनलिफ्टच्या इमारतीत. ह्यावर सगळ्यांचे विनोद करून झालेले आहेत.

आमचा संबंध म्हणाल तर वाटीभर साखरेचा. कधी तिची किल्ली माझ्याकडे, कधी माझं पार्सल तिच्याकडे. तिच्या वयाच्या, तिच्याशी गच्चीवर हसतखिदळत बसणाऱ्या दोघीतिघी इमारतीत आहेत. त्यांना सोडून तिने माझं नाव सांगावं? भाजीवाल्याने तोलून दिलेली भाजी घरी आणून पुन्हा तोलणारी बाई अशी माझी इमारतीत ख्याती. मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते शुक्रवारच्या आत मला शोधायचं होतं.

पहिला संशय अर्थातच नवऱ्यावर. बायकोच्या पोटावर घर चालवणारे पुरुष मी पाहिलेले आहेत. संध्याकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन जिना चढताना दिसला तशी मी कचऱ्याचा डबा घेऊन आडवी आले.

"काय रे, बायकोच्या जिवावर घर चालवणार म्हणे."

त्याने पिशवी खाली ठेवली. हाताचं ग्रीस पँटला पुसलं, मग पुसायला नको होतं हे लक्षात येऊन पँटकडे बघत राहिला. "काकू, मला कुठे विचारलं तिने? सांगितलं."

"काय सांगितलं?"

"भाड्याच्या घरात किती वर्षं काढायची, म्हणाली. स्वतःचं दार हवं. मी म्हटलं, मी जादा पाळ्या करतो. तर म्हणाली, तुझ्या जादा पाळ्यांत दाराची कडी येईल." तो हसला, पण अर्धंच. "कामावरची पोरं काय म्हणतील ते माझं मला माहीत. तुम्हीही आत्ता म्हणालातच."

"मग तू नाही म्हणायचंस."

"तिला?" त्याने पिशवी उचलली. "ती भांडत नाही हो काकू. भांडली असती तर जिंकलो असतो कधीतरी."

मी डबा घेऊन तशीच परत आले. माणूस खोटं बोलत नव्हता, निदान तेव्हा तरी. म्हणजे कारण घर. ठीक. पण ढकलणारं माणूस घरात दुसरंही असू शकतं.

दुसऱ्या दिवशी मी हळूबाईच्या सासूकडे गेले. निमित्त काय, तर सुटे पैसे. म्हातारी खुर्चीत बसून एक पाय स्टुलावर टाकून मटार सोलत होती.

"बसा हो बाई. उठता येत नाही म्हणून बसा म्हणते, नाहीतर मीच उठले असते."

इकडचं तिकडचं झाल्यावर मी विषयावर आले. मला वाटलं, कानावर हात ठेवील. पण तिने शेंगा बाजूला सारल्या.

"माझ्या गुडघ्यासाठी करतेय," ती म्हणाली. "ऑपरेशन करायचंय ना. मी म्हटलं, माझं काय राहिलंय आता, बसले इथे काय नि तिथे काय. तर म्हणते, आई, तुम्ही पुन्हा जिना उतरून खाली गेलात की मला घर जरा मोकळं मिळेल." म्हातारी तोंडावर हात धरून हसली. "तोंडाने अशी. पण माहेरची एकुलती एक, पाठीला ना भाऊ ना बहीण, कुणाचं करायची सवय नाही. तरी माझ्यासाठी एवढं करतेय."

आपल्यासाठी कुणी काही करतंय ह्याची सवय नसलेलं माणूस असं हसतं. सुनेला पुढे ढकलणाऱ्या सासूचं ते हसणं नव्हतं.

पण हिशेब जुळेना. नवऱ्याला घर सांगितलं, सासूला गुडघा. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "दोन माणसांना दोन कारणं सांगितली आहेत तिने."

"दोन्ही खरी असतील."

"तुम्हाला सगळंच खरं वाटतं."

"म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं," हे म्हणाले आणि चष्मा घालून पेपरात शिरले.

बुधवारी संध्याकाळी मी पाळणाघरात गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खाली निळ्या रबरी लाद्या, भिंतीला खुंट्यांवर ओळीने छोट्या छोट्या पिशव्या, आणि दूध, पावडर, ओले लंगोट ह्यांचा मिळून एक वास. भाचीच्या मुलासाठी चौकशी करायला आले, असं मी मालकीणबाईंना सांगितलं. भाचीला मूल आहे, त्यामुळे ते पूर्ण खोटं नव्हतं. मालकीणबाई बोलक्या निघाल्या. हळूबाईचा विषय मला काढावाही लागला नाही.

"तिची जागा भरायची वेळ येणार थोड्या दिवसांनी. तुम्हाला माहीतच असेल. बहिणीला मूल होत नाही हो तिच्या. तिचे हाल बघून हिने ठरवलं, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडायचं. मला तर ऐकूनच भरून आलं."

"सख्खी बहीण?"

"सख्खी. पाठची."

माझ्या हातातला पेन्सिलने फी लिहिलेला कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला. पाठीला ना भाऊ ना बहीण, असं म्हातारीने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. दोन कारणं खरी असू शकतात, पण नसलेली बहीण कशी खरी असणार?

मी मुद्दामच आणखी थोडा वेळ बसले. आतल्या खोलीत हळूबाई जमिनीवर बसून खेळणी पुसत होती. भिंतीला धरून उभं असलेलं एक गोरंगोमटं पोर होतं, टक्कल आणि दोन दात. त्याने भिंत सोडली. डोलत डोलत पाणी भरलेल्या बादलीपर्यंत चाललं, बादलीला धरलं आणि आपणच केलेल्या पराक्रमाने चकित होऊन बसकण मारली. हळूबाईने मागे वळून बघितलं, बादली उचलून वर ठेवली, पोराच्या टकलावर ओठ टेकवले. टाळी नाही, काही नाही.

थोड्या वेळाने त्याची आई धावतपळत आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच.

"आज काय केलं ह्याने?"

"खाल्लं, झोपला, मारामारी केली," हळूबाई म्हणाली. "पाय मात्र शिवशिवतायत हं. आज-उद्या चालेल. घरी डोळ्यांत तेल घालून बसा, नाहीतर चुकेल तुमचं."

मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि ही बाई पापणी न लववता सांगत होती.

मग तिने पोर आईकडे दिलं. ते दिल्याबरोबर तिने आपले दोन्ही हात मागे नेऊन पाठीशी बांधले. शिपायासारखे. पोर आईच्या खांद्यावरून हिच्याकडे झेपावलं, रडलं, तरी हात मागेच. दुसरी आई आली, तसंच. तिसऱ्यांदा बाप आला, तसंच. मूल दिलं की हात पाठीशी. मला ते काही बरं वाटलं नाही. माणूस इतकं चटकन कसं आवरतं घेऊ शकतं?

मी बाहेर पडताना तिने माझ्याकडे बघितलं. मी का आले होते हे तिला कळलं होतं, हे मला कळलं.

गुरुवारी दुपारी मी शेंगा निवडत बसले होते. दार लोटलेलं. मान वर केली तर ती आत उभी.

"मेली मांजर तरी म्याव करते," मी म्हटलं. "बस."

ती बसली. ताटातल्या शेंगा ओढून निवडायला लागली. मीच सुरुवात केली.

"काल ते टकलं पोर चाललं. तू आईला का नाही सांगितलंस?"

"आमच्याकडे सांगत नाहीत. पहिलं पाऊल, पहिला शब्द, काहीच नाही. मी बघितलं असं सांगितलं तर ती आई घरी जाऊन रडेल. आज-उद्या चालेल म्हटलं की ती बघत बसते आणि तिला ते पहिलं म्हणून मिळतं." तिने पुढची शेंग उचलली. "सकाळी फोन आला तिचा. रात्री चालला म्हणून. नाचत होती फोनवर."

"आणि बहीण? तीही अशीच कुणाला तरी बरं वाटावं म्हणून जन्माला घातलीस?"

तिचा हात शेंगांवर थांबला. कान लाल झाले, पण डोळे खाली गेले नाहीत. "मालकीणबाईंना दया आली की सुट्टी मिळते. नवऱ्याला घर कळतं. आईंना गुडघा कळतो. ज्याला जे कळतं ते सांगितलं."

"आणि हॉस्पिटलच्या बाईला?"

"त्यांना आवडेल असं. दुसऱ्याच्या आनंदात आपला आनंद."

"उद्या मी हे सगळं तिला सांगणार आहे. सगळं."

"सांगा."

मला वाटलं होतं गयावया करील. तिने तसं केलं नाही म्हणून मी आणखी चिडले. "मग मला काय सांगायचं ठरवून आलीस? मला काय कळतं?"

तिने आणखी दोन-चार शेंगा निवडल्या. मग बोलली ती शेंगांकडे बघूनच.

"मला पोटुशी असायला आवडतं, काकू."

मी उठून दार लावून घेतलं.

"माझ्या मुलीच्या वेळी कळलं. मला उलट्या नाहीत, पायाला सूज नाही. दिवसभर पोरांचा कालवा, घरी आल्यावर आई, हे, टीव्ही. पण आत कुणीतरी आहे आणि त्याला माझ्याकडून काहीच नको. बोलायला नको, भरवायला नको, मी नुसती असले तरी पुरे. असं मला आधी कधी नव्हतं, नंतर नाही. आणि शरीर काम करतंय, आपोआप, इतकं नीट. मला दुसरं काही एवढं नीट जमलेलं नाही." तिने एक कुजकी शेंग बाजूला टाकली. "मला आणखी मूल नको. मुलं मी दिवसभर धरते. पण ते दिवस मला पुन्हा हवेत. असं कुणाला सांगणार? डोकं तपासायला नेतील."

"पैसे मिळाले नसते तर केलं असतंस?"

"फुकट करते म्हटलं असतं तर घरात कुणी करू दिलं असतं? पैसे आहेत म्हणून सगळे गप्प आहेत. पैसे नको असंही नाही हं. घर हवंच आहे. गुडघाही हवा. पण नुसतं त्यासाठी असतं तर मी ह्यांच्या जादा पाळ्यांना हो म्हटलं असतं."

मी संशयाचा डोळा मिटला नाही. माणूस एकदा तुमच्या मापाचं कारण शिवायला शिकलं की तुमच्यासाठीही शिवतंच. म्हणून मी सगळ्यात दुखेल ते विचारलं.

"नंतर द्यायचं ते कसं जमेल?"

"रोज देते की मी. बघितलंत ना. हात पुढे राहिले तर मूल परत माझ्याकडे झेप घेतं. मग आईचं तोंड उतरतं. म्हणून दिलं की हात मागे."

"ती मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतात तुझ्याकडे."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हो," ती म्हणाली. "हे नाही येणार."

"मग?"

"मग काय ते मला माहीत नाही, काकू."

एवढ्या दिवसांत कुणाच्याही मापाचं नसलेलं असं हे पहिलंच वाक्य ती बोलली असावी. ते मला आवडलं असं नाही. पण ते मी घरी नेऊन पुन्हा तोललं असतं तरी तेवढंच भरलं असतं.

शुक्रवारी समुपदेशक बाई आली, ह्या वेळी बेल वाजवून. हळूबाईही पाळणाघरातून अर्धी रजा काढून आली होती. हे शहाण्यासारखे बाजारात गेले होते. चष्मा न्यायला विसरले नाहीत.

"ताई, काय वाटतं तुम्हाला?" बाईने विचारलं. "कुणाचा दबाव?"

"नवऱ्याचा नाही, सासूचा नाही. ते मी बघून आले. पैशाची गरज आहे, ती काही लपलेली नाही. आणि ही माणसाला बघून कारण सांगते. तुम्हालाही तसंच सांगितलंय."

बाईने हळूबाईकडे बघितलं. हळूबाईने मान हलवली. मग काल माझ्यासमोर बोललेलं ती पुन्हा बोलली, तसंच, शेवटच्या 'माहीत नाही'सकट. बाई लिहून घेत होती. मी मात्र एकेक शब्द कालच्याशी ताडून बघत होते. कुठे फरक सापडला नाही.

"आम्हाला हेच ऐकायचं असतं," बाई शेवटी म्हणाली, "आणि हेच कुणी सांगत नाही. आता प्रश्न तुमचा, ताई. तुम्ही राहाल तिच्याबरोबर?"

"आधी मला एक कळू दे," मी हळूबाईकडे वळले. "गच्चीवरच्या तुझ्या मैत्रिणी सोडून मीच का?"

"मी ठीक आहे म्हटलं की त्यांना पटतं," ती म्हणाली. "सगळ्यांनाच पटतं. तुम्हाला कशाचंच पटत नाही."

आयुष्यात मला कुणी दिलेली ही सगळ्यात चमत्कारिक शाबासकी. मी म्हटलं, "येईन. पण दर वेळी सतरा प्रश्न विचारीन. डॉक्टरलाही, तुलाही, त्या जोडप्यालाही."

"विचारा."

बाईने पर्स बंद केली. उठता उठता, असल्या भेटीत नेहमी विचारत असावी तसं तिने हळूबाईला विचारलं, की ताईंकडून तुझी काही अपेक्षा आहे का, आत्ताच बोलून ठेवलेलं बरं.

हळूबाईने आपल्या हातांकडे बघितलं. मांडीवर होते, साधेच, नखं कापलेली, पुसून पुसून कोरडे पडलेले.

"एकच आहे," ती म्हणाली. "तिथे मी आडवी असेन. आडवं असताना हात मागे नेता येत नाहीत. बाळ त्यांच्याकडे दिलं की काकू, तुम्ही माझे हात धरून ठेवा. मी ठीक आहे, सोडा, असं म्हटलं तरी सोडू नका."